कुंपणाबाहेरचे ठिपके

रिपोर्टच्या तळाशी, तारखेच्याही खाली, बारीक अक्षरात एक ओळ असते. रुग्ण ती वाचत नाहीत, नातेवाईक वाचत नाहीत. मी मात्र रिपोर्ट खालून वर वाचते. ‘साक्ष: महानंदा कलशेट्टी, सोलापूर.’ गेली तीन वर्षं अवघड रिपोर्टांखाली बहुतेक वेळा हीच ओळ असायची, आणि तीही फक्त आमच्या दवाखान्याच्या नव्हे, पार रत्नागिरीपासून गडचिरोलीपर्यंतच्या. त्या सोमवारी तिथे लिहिलं होतं, ‘साक्ष: प्रमिला उईके, गोंदिया.’

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. गोंदियाच होतं.

रुग्ण आमचा. नमुना मी भरलेला, नळीवरची चिठ्ठी माझ्या अक्षरातली. आणि यंत्राने विचारलं कुणाला, तर सातशे किलोमीटरवर बसलेल्या कुणा बाईला.

यंत्राचं सरकारी नाव ‘सहदृष्टी’. आमच्या प्रयोगशाळेत त्याला जावई म्हणतात. त्याला वेगळी खोली लागते, बारा महिने गार हवा लागते, पाणी वेगळं लागतं, जरा धूळ उडाली की रुसतो, आणि विचारल्याशिवाय एक शब्द बोलत नाही. पाच वर्षांपूर्वी तो आला तेव्हा डॉ. अचलेरकर सरांनी नारळ फोडला आणि मला म्हणाले, “महानंदाताई, याला आता तुम्ही शिकवायचं.”

मी दहावी झालेली बाई. एकोणिसाव्या वर्षी या दवाखान्यात काचा धुवायला लागले. सर सूक्ष्मदर्शकाखाली बघून झालेल्या काचा बेसिनमध्ये टाकायचे, आणि त्या धुण्याआधी मी जेवणाच्या सुट्टीत एकेक करून पुन्हा बघायची. टाकून दिलेल्या काचांवर शिकले मी. एकदा सरांनी पकडलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, “ही पेशी कुठली?” मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी काचा धुवायला दुसरी बाई आली.

तर अशा बाईला जावयाने तीन वर्षं मान दिला होता. सवय वाईट असते.

यात नेमकं काय चालतं ते सांगते, म्हणजे माझं पुढचं वागणं कळेल, पटलं नाही तरी.

आपल्या रक्तात दोन घराणी आहेत, लिम्फॉइड आणि मायलॉइड. आजी एकच, हाडांच्या मज्जेतली मूळ पेशी. पण नातवंडांचे धंदे वेगळे. तीव्र ल्युकेमिया होतो तेव्हा एका घराण्यातल्या कोवळ्या पेशी मोठं व्हायचं विसरतात आणि नुसत्या संख्येने वाढत सुटतात. कुठलं घराणं बिघडलं, त्यावर औषध ठरतं. पण शंभरात दोन-तीन रुग्ण असे निघतात, की दोन्ही घराण्यांच्या खुणा सापडतात. कधी एकाच पेशीच्या अंगावर दोन्ही, कधी दोन वेगळ्या टोळ्या शेजारीशेजारी. त्याला मिश्र म्हणतात. अशांना बहुधा लिम्फॉइडच्या वाटेची औषधं आधी दिलेली बरी पडतात. दुसऱ्या वाटेला लावलं, तर एक टोळी मरते, दुसरी मोकळ्या रानात माजते, आणि तोवर माणसाच्या अंगात पुन्हा उपचार सोसायची ताकद राहत नाही.

हे ओळखायला पेशींना चमकणाऱ्या खुणा चिकटवून लेसरच्या उजेडासमोरून एकेक पळवतात. प्रत्येक पेशी म्हणजे पडद्यावर एक ठिपका. लाखभर ठिपके, चांदण्यासारखे. त्यांतल्या आजारी घोळक्याभोवती रेघ ओढायची, तिला आम्ही कुंपण म्हणतो. कुंपणातल्या पेशींचं गणित होतं, बाहेरच्यांचं होत नाही. सगळी विद्या त्या रेघेत.

सोप्या रिपोर्टांची कुंपणं जावई स्वतः घालतो. अडला की चौतीस प्रयोगशाळांमधल्या एका माणसाला विचारतो. कुणाला विचारायचं, हेही तोच ठरवतो. साक्षीदाराने सही केली, आमच्या डॉक्टरांनी मान डोलावली, की औषधशाळेतलं यंत्र औषध मिसळायला घेतं. पूर्वी नमुना मोठ्या शहरात जायचा, आठ-आठ दिवस लागायचे, आणि तेवढ्यात माणूसच जायचा. आता आज सही, उद्या सकाळी सलाईन. म्हणून साक्ष ही साधी गोष्ट नाही.

आणि ती साक्ष आता गोंदियाला चालली होती. पंधरा दिवसांत सहा वेळा. मोजायचं नाही असं ठरवून मी मोजत होते.

सरांना विचारावं तर सर कौतुकात. “त्या उईकेची कुंपणं बघितली का तुम्ही? ऐसपैस घालते. काही सुटत नाही तिच्या हातून.”

“सैल असतात, सर.”

“सैल?”

“नेसता न येणाऱ्या बाईच्या लुगड्यासारखी.”

सर हसले. मी हसले नाही.

घरी शिवशरणना सांगितलं. माझे मिस्टर एसटीत वाहक होते, आता निवृत्त. माणसांच्या भांडणात तीस वर्षं उभं राहून काढल्याने त्यांना घाई नसते. शेंगा फोडत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे सवत आली म्हणा की.”

“यंत्र आहे ते.”

“होय की. म्हणून तर म्हणतोय. माझ्याबद्दल तुम्ही एवढं कधी जळला नाही.”

त्या दिवशी चटणीत तिखट जास्त पडलं. चुकून पडलं असं मी म्हणणार नाही.

रजिता येमूल आली ती बुधवारी. चोवीस वर्षांची, शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला. पंधरा दिवस ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग. मज्जा काढताना मी काचा घेऊन शेजारी उभी असते, पडतील ते थेंब झेलायला. डॉक्टर सुई घालत होते आणि ही माझं बोट धरून बोलत सुटली. भीती वाटली की काही जण बोलतात.

“अक्का, कापडाला मी एवढं टोचत नाही.”

“झालंच. काय शिवतेस तू?”

“शर्ट. बावीस नंबरपासून छत्तीसपर्यंत. शाळेची ऑर्डर म्हणजे सगळी मापं आली पाहिजेत, पहिलीपासून दहावीपर्यंत. परवा एक ऑर्डर आली, दोनशेच्या दोनशे शर्ट एकाच मापाचे. मी मालकाला म्हटलं, ही शाळा नाही, काहीतरी वेगळंच आहे.”

“मग?”

“बँडवाले निघाले.” ती हसली, मग सुई लागली तशी थांबली. थोड्या वेळाने बारीक आवाजात म्हणाली, “माझ्या मशीनवर सध्या नवी पोरगी बसवलीय. टाका चांगला आहे तिचा.”

“मग बरंच आहे की.”

“बरं कसलं, अक्का? वाईट असता तर निवांत झोपले असते.”

मी तिच्या मज्जेचा थेंब काचेवर पसरत होते, हात एकदम हलका ठेवावा लागतो.

दुपारी तीनला जावयाने हाक दिली. या वेळी त्याने दोघींना विचारलं होतं. पहिली साक्षीदार मी. दुसरी, पडद्याच्या कोपऱ्यात नाव: प्रमिला उईके.

ठिपके उघडले. मधोमध मोठा घोळका, अंगभर एमपीओची खूण. ही मायलॉइडची खूण, यात वाद नाही. मी सवयीने कुंपण घातलं, आणि हात आपोआप जरा लांबून फिरला, कारण खाली डावीकडे आणखी एक लहान पुंजका होता. लाखात अकरा हजार असतील. त्यालाही आत घ्यावं, असं हाताला वाटलं.

आणि मग मला माझं कुंपण दिसलं. ऐसपैस. सैल. थेट गोंदियाचं.

आता सर बघतील आणि म्हणतील, शिकलात तिच्याकडून. हा विचार मनात यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी रेघ खोडली आणि मोठ्या घोळक्याभोवती नवी घातली, घट्ट, नीटस, माझ्या पद्धतीची. लहान पुंजका बाहेर राहिला. त्याला निमित्तही होतं. मज्जेत लिम्फॉइड घराण्यातल्या निरोगी कोवळ्या पेशी, ज्यांना ‘बी’ पेशी म्हणतात, असतातच, आम्ही त्यांना पोरं म्हणतो. पोरं असतील. ती खरंच पोरं आहेत का, हे जावयाला विचारायला एक बटण दाबावं लागतं. मी दाबलं नाही. ‘मायलॉइड’ लिहिलं आणि सही केली.

प्रमिलाने लिहिलं, ‘मिश्र असल्याची शंका. कुंपणाबाहेरचे बघावे.’

जावयाने दोन्ही साक्षी तोलल्या. मायलॉइडच्या बाबतीत माझा आजवरचा हिशेब तिच्याहून सरस होता. त्याने माझं नाव खाली छापलं.

सर दारात आले. “गोंदियाची मुलगी शंका म्हणते. तुम्हाला काय वाटतं?”

“निरोगी पोरं आहेत, सर.”

“तुम्ही बघितलंय ना? मग झालं.” त्यांनी मान डोलावली आणि गेले.

माणसाने आपल्यावर विश्वास टाकला की बरं वाटायला पाहिजे. मला वाटलंही. घरी जाताना मी मोगऱ्याचा गजरा घेतला, शिवशरणनी विचारलं काय विशेष, मी म्हटलं, काही नाही.

गुरुवारी सकाळी सव्वानऊला फोन वाजला. मी नुकतीच जावयाच्या खोलीत गार हवा तपासत होते. दहा वाजता रजिताचं औषध सुरू व्हायचं होतं.

“नमस्कार ताई. मी प्रमिला बोलते, गोंदियाहून. तुमच्याशी बोलायचं किती दिवसांपासून मनात होतं, पण भेव वाटे.”

आवाज कोवळा होता. मला तो तसा नको होता. मी म्हटलं, “बोला.”

“ते कालची येमूल बाई. तुम्ही आधी मोठं कुंपण काढलं होतं न? मग खोडून लहान केलं. काऊन?”

मी उभी होते ती स्टुलावर बसले. “तुम्हाला काय माहीत मी काय खोडलं ते?”

“सही झाल्यावर दिसते न सगळं. जावई—” ती थांबली. “आम्हीबी त्याले जावईच म्हणतो, तुमचं ऐकून. तो प्रत्येक रेघ ठेवते, खोडलेलीबी. मी त् त्याच्यावरच शिकली, ताई. माझी नोकरी नमुने पोचवायची होती. रिकाम्या वेळी तुमचे जुने रिपोर्ट उघडत बसे. शेवटचं कुंपण सगळ्यांलेच दिसते. पण तुम्ही आधी कुठं काढलं, काय पुसलं, हात कुठं अडखळला, ते पाहूनच मले समजलं. तुमचं खोडलेलं पाहून शिकली मी.”

मला बेसिन आठवलं. सरांनी टाकलेल्या काचा.

“हरएक वेळी तुम्ही खोडता तेव्हा काहीतरी कारण असते,” ती म्हणाली. “मी ते हुडकते. कालचं काही सापडलं नाही मले. रात्रभर पाहिलं. म्हणून म्हटलं, विचारूनच घ्यावं. माझंच चुकत असन, तर सांगा.”

टोमणा असता तर मी सहज परतवला असता. ती खरंच शिकायला विचारत होती.

“निरोगी पोरं आहेत ती,” मी म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली. थोडं थांबून, “तुम्ही पाहिलं असन तर बरं.”

मी फोन ठेवला. घड्याळात नऊ पंचवीस.

सरांनी मला पंचवीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं, पोरं ओळखायची कशी. निरोगी पेशी वयावयाच्या असतात, आज जन्मलेली, काल जन्मलेली, चार दिवसांची. पडद्यावर त्यांची वाकडी रांग लागते, सकाळच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. आजारी असतील त्या सगळ्या एकाच वयाला अडकून एका जागी गोळा होतात. दोनशेच्या दोनशे एकाच मापाचे. ही शाळा नाही, काहीतरी वेगळंच आहे. चोवीस वर्षांच्या पोरीने सुई टोचून घेता घेता मला ते सांगितलं होतं, आणि तेव्हा मी नुसतं ‘मग?’ म्हटलं होतं.

मी बटण दाबलं. ‘कुंपणाबाहेर काय आहे?’

जावयाने क्षणात उत्तर दिलं. बाहेरचा पुंजका: अकरा टक्के. सीडी-१९ ठळक, सीडी-७९ए, सीडी-१०. सगळ्या पेशी एका वयाच्या. रांग नाही. बी-लिम्फॉइड. मोठ्या घोळक्यासह मिश्र.

मी टंकलं, ‘काल का नाही सांगितलंस?’

‘साक्षीदाराने कुंपण घातले. बाहेरचे विचारले नाही.’

बरोबरच होतं त्याचं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्याला आम्हीच शिकवलं. मीच म्हटलं होतं त्या पहिल्या वर्षी, की हा फार मधेमधे बोलतो.

साक्ष मागे घ्यायची तर कारण भरावं लागतं. रकाने होते: नमुना सदोष, यंत्रातील बिघाड, साक्षीदाराची चूक, इतर. घड्याळात नऊ बत्तीस. ‘नमुना सदोष’वर बोट थांबलं. ते दाबलं असतं तर कुणाचंच नाव खराब झालं नसतं. फक्त रजिताच्या कमरेत पुन्हा सुई गेली असती, आणि दोन दिवस गेले असते, जे तिच्याकडे होते की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं. ‘साक्षीदाराची चूक’ दाबली की जावई तुमची किंमत उतरवतो. मग पहिली हाक तुम्हाला येत नाही. एवढ्या वर्षांत मी कधी दाबली नव्हती.

मी ‘साक्षीदाराची चूक’ दाबलं. खाली ‘तपशील’ म्हणून मोकळी जागा आली. घाईत कुंपण लहान पडले, असं लिहायला घेतलं. पण घाई कुठे होती? दुपारचे तीन वाजले होते, चहा झाला होता. आणि गोंदियाला ती पोरगी कारण हुडकत बसणार. रात्रभर बसेल. तिने माझी खोडलेली रेघ खरी मानून त्यातून काहीतरी शिकून ठेवलं, तर पुढे कुठल्या जिल्ह्यात कुठली रजिता बाहेर राहील?

मी एकच शब्द लिहिला. मत्सर.

सही केली आणि औषधशाळेत फोन लावून येमूलचं औषध थांबवायला सांगितलं. पिशवी भरून तयार होती, वॉर्डमध्ये जायला निघालीच होती.

सर धावतच आले. पडद्यावरचं सगळं वाचलं, वरून खाली. मग चष्मा काढून म्हणाले, “हे असं लिहितात का, महानंदाताई?”

“बसेल असा दुसरा शब्द सापडला नाही, सर.”

“काल मी तुम्हाला विचारलं होतं.”

“होय.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, “तो शब्द पुसून टाकू? चूक एवढंच राहू दे. माणूस चुकतो.”

“खोडलेलंही दिसतं, सर.”

रजिताला लिम्फॉइडच्या वाटेची औषधं शुक्रवारी सुरू झाली. तिला मी स्वतः सांगितलं, की आदल्या दिवशी चुकीची पिशवी येता येता राहिली, आणि ती माझ्यामुळे येत होती. तिने विचारलं, “का?” मी म्हटलं, “माझ्याही मशीनवर एक नवी पोरगी बसलीय. टाका चांगला आहे तिचा.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग तोंड फिरवून झोपली. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, आणि ते योग्यच होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अक्का, उशी जरा वर करा.”

जावयाने माझी किंमत उतरवली. पहिली हाक आता गोंदियाला जाते, कधी नाशिकला, कधी आणखी कुठे. मी दुसरी असते, बऱ्याचदा नसतेच. शिवशरण म्हणतात, सीट गेली तरी गाडीत आहात ना. प्रमिला अधूनमधून फोन करते. त्या शब्दाबद्दल तिने कधी काही विचारलं नाही. एकदाच म्हणाली, “ताई, मीबी आता खोडण्याआधी थांबून पाहते, कोणाचा राग येऊन राहिला का म्हणून.” तिला कुणाचा राग येतो, हे मी विचारलं नाही. नाशिकचा असावा.

महिन्याने रजिताची मज्जा पुन्हा तपासली. पहिली साक्षीदार प्रमिला, दुसरी मी. मी मुद्दाम तिचं कुंपण न बघता माझं घातलं, आयुष्यात घातलं नव्हतं एवढं मोठं, पडद्याच्या कडेला हात लागेपर्यंत. आजारी ठिपका एकही नव्हता. खाली डावीकडे, जिथे ती टोळी होती, तिथे थोडीशी पोरं उभी होती. वाकडी रांग करून, वयावयाची, बावीस नंबरपासून छत्तीसपर्यंत. पुढची वाट लांब आहे, तिच्या भावाची मज्जा जुळते का ते बघायचंय. पण ती रांग मी खूप वेळ बघत बसले.

सही करणार तेवढ्यात पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली. अशी ओळ त्याने आजवर कधी लिहिली नव्हती, आणि तसं त्याला कुणी शिकवलंही नव्हतं. निदान जाणूनबुजून नाही.

‘बाहेरचंही सांगू का?’

मी ‘हो’ म्हटलं. बाहेर काही नव्हतं. त्याने तसं सांगितलं.

आता हा प्रश्न तो सगळ्यांना विचारतो, की फक्त मला, हे प्रमिलाला एक फोन केला की मला कळेल. पण तो फोन मी अजून केलेला नाही.